शिकवणे वेगळे, मान्य करणे वेगळे: निर्वासित स्त्रियांच्या रोजगारातली एक गल्लत

निर्वासित स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शिवणयंत्रांची रांग येते. संस्था जागा मिळवते, शिक्षिका नेमते, काही महिन्यांनी प्रमाणपत्रे वाटली जातात आणि ‘इतक्या स्त्रिया प्रशिक्षित झाल्या’ असा आकडा अहवालात जातो. आता समजा, त्या रांगेत एक औषधशास्त्राची पदवीधर आहे, दुसरीने वर्षानुवर्षे शाळेत गणित शिकवले आहे आणि तिसरी मायदेशात स्वतःचे शिवणकामाचे दुकान चालवत होती. तिघींना एकच गोष्ट शिकवली जाते. तिसरीला तर ती शिकवणाऱ्या बाईंपेक्षा चांगली येते.

इथे दोन निरनिराळी कामे एकमेकांत मिसळली आहेत: कौशल्य शिकवणे आणि असलेले कौशल्य मान्य करून घेणे. दोन्हींच्या शेवटी हातात एक प्रमाणपत्र पडते, म्हणून लांबून ती सारखीच वाटतात. जे येत नाही ते यावे म्हणून प्रशिक्षण असते. मान्यतेचे काम निराळे. जे आधीपासून येते, ते नव्या देशातल्या मालकाला, विद्यापीठाला किंवा परवाना देणाऱ्या मंडळाला पटेल अशा रूपात आणायचे असते. त्यात ती स्त्री बदलत नाही, तिच्याकडे पाहणाऱ्या यंत्रणेला बदलावे लागते. दुसरे काम मागे पडते ते बहुधा यामुळेच. वर्ग भरवणे संस्थेच्या हातात असते. मान्यतेसाठी मात्र इतरांचे उंबरठे झिजवावे लागतात आणि त्याचा आकडा तिमाहीत दाखवता येत नाही.

प्रशिक्षणाला कमी लेखायचे कारण नाही. युद्धात जिची शाळाच सुटली, जी शेतीवर जगली आणि आता शहरात येऊन पडली, जिच्या धंद्याला नव्या ठिकाणी गिऱ्हाईकच नाही, तिला शून्यातून काही शिकवावेच लागते. असे शिक्षण केव्हा फळते, हे पुष्कळ ठिकाणी दिसून आले आहे. आसपास कोण नोकरीवर घेते ते आधी पाहावे, मग विषय ठरवावा. कामाच्या ठिकाणी लागणारी भाषा त्याच वर्गात शिकवावी. मुले सांभाळायची सोय, सुरक्षित प्रवास आणि शिकण्याच्या काळात बुडणाऱ्या मजुरीची थोडी भरपाई या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले, तर उत्तम अभ्यासक्रमही अर्धा रिकामा होतो. याविषयी खूप लिहिले गेले आहे, म्हणून ते इथेच सोडू.

मान्यतेबद्दल मात्र फार कमी बोलले जाते, आणि तिची कायदेशीर बैठक जुनी आहे. निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातले २२ वे कलम परदेशी शालेय प्रमाणपत्रे, पदविका आणि पदव्या यांच्या मान्यतेचा उल्लेख करते. १९ वे कलम स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या पदवीधारकांविषयी आहे. १९९७ मध्ये युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून लिस्बन मान्यता करार केला. त्याच्या सातव्या विभागाने एक पाऊल पुढे टाकले: निर्वासिताकडे कागदपत्रे नसली तरी त्याची पात्रता न्याय्य आणि जलद रीतीने तपासण्याची पद्धत देशांनी तयार करावी. घर जळाले, विद्यापीठच उद्ध्वस्त झाले, सीमेवर पिशवी हरवली, अशा स्थितीत ‘मूळ गुणपत्रिका आणा’ म्हणणे हा क्रूर विनोद ठरतो.

कागदाशिवाय तपासायचे कसे, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. नॉर्वेतल्या पद्धतीच्या आधारे युरोप परिषदेने २०१७ मध्ये ‘निर्वासितांसाठी युरोपीय पात्रता पासपोर्ट’ सुरू केला. उमेदवाराकडे जे काही कागद असतील ते आणि एक आखीव मुलाखत यांवरून जाणकार पारख करतात: कोणते विषय शिकलात, परीक्षा कशा व्हायच्या, प्रबंध कशावर लिहिला, नंतर कुठे काम केले. निष्कर्षाचा दाखला पाच वर्षे चालतो. तो ओळखपत्र नव्हे, आणि प्रवेशाची वा नोकरीची हमीही देत नाही. पण विद्यापीठाच्या खिडकीपाशी ‘काहीच पुरावा नाही’ या उत्तराऐवजी पुढे ठेवायला काहीतरी मिळते. दुसरे उदाहरण जर्मनीचे. तिथे परदेशी व्यावसायिक पात्रतेच्या मान्यतेचा कायदा एप्रिल २०१२ पासून लागू आहे. कागद अपुरे असतील तर प्रत्यक्ष काम करून दाखवणे किंवा तज्ज्ञांशी त्या विषयावर बोलणे या मार्गांनीही कौशल्य तपासण्याची तरतूद त्यात आहे. इलेक्ट्रिशियनला वायरिंग करून दाखवता येते, हे इतके साधे आहे की ते कायद्यात लिहावे लागले याचेच नवल वाटते.

२०२२ मध्ये युक्रेनमधून लोक बाहेर पडले तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे युरोपात पोचलेल्या प्रौढांत स्त्रियांचा भरणा मोठा होता आणि त्यांतल्या अनेक जणी उच्चशिक्षित होत्या. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सदस्य देशांना त्यांच्या पात्रतेची मान्यता सुलभ करण्याची शिफारस केली. कामाचा हक्क तर युरोपीय संघाने त्यांना दिलेल्या तात्पुरत्या संरक्षणाबरोबरच मिळाला होता. तरीही पदवीधर स्त्रिया साफसफाईच्या किंवा गोदामातल्या कामाला लागल्याच्या कहाण्या अनेक देशांतून आल्या.

याचे कारण, मान्यता म्हणतात ते एकच दार नाही. पदवी शैक्षणिकदृष्ट्या समकक्ष ठरणे हे पहिले. डॉक्टर, परिचारिका, वकील, शिक्षक यांच्यासारख्या व्यवसायांत परवाना मिळणे हे दुसरे. तो वेगळ्या मंडळाकडे असतो, आणि त्याची परीक्षा, भाषेची पातळी, शुल्क सगळेच वेगळे. मुळात परक्या व्यक्तीला त्या देशात काम करू देणे हे तिसरे. पहिले दार उघडले आणि तिसरे बंद राहिले की हातातला दाखला भिंतीवर लावण्यापुरता उरतो. जॉर्डनचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये देणगीदार देशांशी झालेल्या समझोत्यानंतर तिथे सीरियन निर्वासितांना कामाचे परवाने मिळू लागले. पण वैद्यकी, अभियांत्रिकी, अध्यापन, एवढेच काय केशकर्तनालयातले कामही परदेशी लोकांना बंद होते, आणि सुरुवातीच्या वर्षांत परवाने मिळालेल्यांत स्त्रिया अगदी कमी होत्या. तिथे सीरियन शिक्षिकेची पदवी कितीही खरी ठरली तरी वर्ग तिच्यासाठी बंदच. पुढे २०१८ मध्ये शिवणकाम, हस्तकला, खाद्यपदार्थ तयार करणे असे घरगुती व्यवसाय नोंदवण्याची मुभा मिळाली, तेव्हा काही जणींना वाट सापडली. म्हणून प्रशिक्षण निवडताना असो की मान्यतेचा अर्ज भरताना, पहिला प्रश्न कायद्याचा हवा.

तुर्कस्तानात वेगळी तडजोड झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि तिथले आरोग्य मंत्रालय यांनी सीरियन डॉक्टर आणि परिचारिकांना तिथल्या आरोग्यव्यवस्थेची ओळख करून दिली आणि निर्वासितांसाठीच्या आरोग्य केंद्रांत कामावर घेतले. पूर्ण परवाना नव्हे, पण रुग्णाला आपल्या भाषेत बोलणारी परिचारिका मिळाली आणि परिचारिकेला आपले काम. अर्धी मान्यता वाईट की बरी, यावर वाद घालता येईल. रिकाम्या हातांपेक्षा ती बरी, असे माझे मत. अट एवढीच की ती कायमची मर्यादा होऊन बसू नये.

आतापर्यंत पदव्यांविषयी बोललो, पण खरी कसोटी पदवी नसलेल्या स्त्रीपाशी लागते. अनुभवातून आलेल्या कौशल्याचे मूल्यमापन करून त्याला प्रमाणित करावे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००४ च्या शिफारशीत म्हटले आहे. पुरुष गवंडी किंवा सुतार असेल तर हे तुलनेने सोपे जाते, कारण त्याचे काम ‘काम’ म्हणून आधीच ओळखले जाते. बाईच्या नोंदणी अर्जावर मात्र ‘गृहिणी’ लिहून पुढचे रकाने कोरे सोडले जातात. ‘तुम्ही काय काम करत होतात?’ या प्रश्नाला ती स्वतःच ‘काही नाही’ म्हणते. तोच प्रश्न ‘सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायचात?’ असा विचारला की जनावरांचे दूध काढून विकणे, कुटुंबाच्या दुकानाचा हिशेब, गावातली बाळंतपणे, अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा असे सगळे हळूहळू बाहेर येते. आणि हा प्रश्न तिला एकटीला विचारायला हवा. शेजारी नवरा किंवा दीर बसला असेल तर उत्तर बहुधा तोच देतो.

मात्र हस्तकौशल्याच्या मान्यतेतही एक सापळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा ‘मेड फिफ्टीवन’ नावाचा उपक्रम निर्वासित कारागिरांच्या वस्तू जगभरच्या खरेदीदारांपर्यंत नेतो. तिथे भरतकाम करणारीला मदतीची लाभार्थी न मानता कारागीर मानले जाते आणि वस्तूची किंमत ठरते. हे चांगलेच आहे. पण म्हणून भरतकाम येणारी प्रत्येक जण आयुष्यभर भरतकामच करील, असे गृहीत धरले की मान्यतेच्या नावाखाली तिला पुन्हा त्याच चौकटीत बसवले जाते. तिला लेखापाल व्हायचे असेल. तेव्हा शिकवणेच योग्य, आणि सुईदोरा तिने बाजूला ठेवला तर कोणी खंत करू नये.

शिकवणे आणि मान्य करणे यांच्या मधला रस्ताही आहे. आधी जे येते ते तपासायचे आणि फक्त उणीव भरून काढायची. स्वीडनने २०१५ पासून विविध व्यवसायांसाठी ‘जलद मार्ग’ आखले. शिक्षकांसाठीच्या मार्गात सुरुवातीचा अभ्यासक्रम अरबीतूनही दिला गेला, म्हणजे भाषा पूर्ण येईपर्यंत व्यवसायापासून तुटून राहावे लागू नये. गणिताच्या शिक्षिकेला गणित शिकवण्यात अर्थ नसतो. तिथली शालेय पद्धत, मूल्यांकन आणि पालकांशी बोलायची भाषा एवढे शिकवले की पुरते. खर्चही पूर्ण अभ्यासक्रमापेक्षा कमी येतो. उलट, जिने बरीच वर्षे छावणीत काढली त्या परिचारिकेच्या बाबतीत जुना अनुभव ताजा आहे असे धरून चालणे रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. तिला उजळणी हवीच.

प्रत्यक्षात सुरुवात पहिल्याच भेटीपासून करता येते. मान्यतेला महिने लागतात, म्हणून भाषेचा वर्ग संपायची वाट न पाहता कागद जमवायला घ्यावेत. मूळ प्रमाणपत्र नसले तरी फोनमध्ये गुणपत्रिकेचा फोटो, पगाराची पावती, सहकाऱ्याचे पत्र, शाळेच्या समारंभातले छायाचित्र यांपैकी काहीतरी सापडते. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांतला फरक पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहावा, नाहीतर पुढे प्रत्येक टेबलावर तोच खुलासा करावा लागतो. भाषांतराचा आणि अर्जाचा खर्च संस्थेने उचलावा. शिवणयंत्राला निधी असतो तसा यालाही ठेवता येतो.

एक खबरदारी मात्र सगळ्यांत आधी. पुरावा मिळवण्यासाठी तिच्या मायदेशातल्या विद्यापीठाला किंवा दूतावासाला तिला न विचारता पत्र पाठवू नये. ज्या सरकारपासून ती पळाली त्यालाच तिचा ठावठिकाणा कळेल, मागे राहिलेल्या आईवडिलांना त्रास होईल, आणि काही ठिकाणी तिच्या आश्रयाच्या अर्जावरही प्रश्न उभा राहील. १९५१ च्या करारातले २५ वे कलम याच अडचणीसाठी आहे: मायदेशातल्या अधिकाऱ्यांची मदत लागेल पण त्यांच्याकडे जाता येणार नाही, तेव्हा आश्रय देणाऱ्या देशाने ती सोय करावी, तिथून एरवी मिळाले असते ते दाखले स्वतः द्यावेत. ती ‘नको’ म्हणाली तर विद्यापीठाला लिहायचा विचार सोडून द्यावा आणि सरळ मुलाखतीच्या मार्गाने जावे.