दूधसागरचं पाणी खाली येऊन तापतं का?

कुळे गावाहून सुटलेली जीप अभयारण्यातले ओढे तुडवत जाते. शेवटचा दगडधोंड्यांचा टप्पा पायी संपवला की समोर दूधसागर: मांडवीचं पाणी सुमारे 310 मीटरचा कडा टप्प्याटप्प्यानं उतरतं, मधूनच रेल्वेचा पूल जातो. फोटो काढून झाले की मंडळी लाइफ जॅकेट घालून डोहात शिरतात आणि गारठतात. खरं तर नुसत्या उंचीचा हिशेब केला, तर डोहातलं पाणी माथ्यावरच्या पाण्यापेक्षा किंचित गरम असायला हवं.

एक लिटर पाणी एवढं खाली आलं की सुमारे तीन हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी पाण्यातच मुरली, तर तापमान जेमतेम पाऊण अंशानं वाढेल. धबधब्यावर हा फरक मोजायची खटपट 1847 साली खुद्द जेम्स ज्यूलनं, म्हणजे ज्याच्या नावानं ऊर्जेचं हे एकक ओळखलं जातं त्या भौतिकशास्त्रज्ञानं, केली होती, तीही आल्प्समध्ये मधुचंद्राला गेला असताना! तिथं त्याला भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, भेटला. (नवरीला काय वाटलं असेल, कोण जाणे.) पण पाण्याचे वाटेतच इतके तुषार होत होते की मोजणी जमलीच नाही.

दूधसागरलाही थर्मामीटरची हीच पंचाईत होईल. कड्यावर आपटून पाणी फुटतं, थेंबांना हवा अडवते आणि ऊर्जेतला वाटा उचलते. शिवाय बाष्पीभवन आहेच. लिटरमागे फक्त सव्वा मिलिलिटर पाण्याची वाफ झाली, तरी पाऊण अंशाची सगळी कमाई संपली. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्यानं ही गळती कमी, कोरड्या दिवसांत जास्त.

उरलेला चिमूटभर भाग आवाजात जातो. हा आवाज मुख्यतः पाण्यात कोंडलेल्या हवेचा. खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्टनं 1933 मध्ये दाखवलं, की बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा नाद काढतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,300 वेळा कंप पावतो; मोठ्याचा सूर खर्जातला. लाखो बुडबुडे एकदम वाजले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

पश्चिम घाटातल्या खळाळत्या ओढ्यांत राहणाऱ्या नाचऱ्या बेडकांची रोजचीच ही अडचण. 2014 मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू यांच्या चमूनं त्यांच्या 14 नव्या जाती नोंदवल्या. यातले नर ओरडतात, शिवाय मागचा पाय ताणून, बोटांमधले पडदे फाकवून प्रतिस्पर्ध्याला इशारा देतात. तरीही तो हटला नाही, तर त्याच पायानं लाथ घालतात.