सेवा बंद कोणी करायची?

लिनक्स बंद करताना कधीकधी पडद्यावर ‘स्टॉप जॉब’ची ओळ येते, शेजारी सेकंद वाढत जातात आणि मशीन हँग झालं असं समजून लोक पॉवरचं बटण दाबून धरतात. मशीन हँग झालेलं नसतं. एखाद्या सेवेची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, आवराआवर चालू असते आणि सेवा सुरू-बंद करणारं सिस्टमडी तिच्यासाठी थांबलेलं असतं. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ही मुदत ९० सेकंदांची.

सेवा सुरू करणं सोपं असतं. नेमकी तीच सेवा, तिच्या सगळ्या पिल्लावळीसह बंद करणं अवघड. सिस्टमडीच्या आधीच्या सिस्टम-फाइव्ह पद्धतीत हे काम शेल स्क्रिप्टकडे, म्हणजे आज्ञांच्या फाइलीकडे होतं. सेवा दोनदा फोर्क करून (स्वतःची प्रत, म्हणजे ‘मूल’ काढून) बॅकग्राउंडला जायची, स्क्रिप्ट संपायची आणि हाती उरायचा तो फाइलीत लिहून ठेवलेला प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, पीआयडी. सेवा क्रॅश झाली तरी फाइल तशीच राहते. लिनक्समध्ये पीआयडीची जुनी मर्यादा ३२७६८. ती गाठली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वाटायला लागतो. मग ‘स्टॉप’ म्हटलं की बंद होण्याचा सिग्नल जातो त्याच क्रमांकाला, आणि मरते भलतीच प्रोसेस.

यावरचा उपाय युनिक्समध्ये आधीपासून होता. ज्या प्रोसेसनं सेवा सुरू केली तिनंच तिच्यावर लक्ष ठेवायचं. मूल मेलं की कर्नल पालकाला सिगचाइल्ड हा सिग्नल पाठवतो, आणि पालक ‘वेट’ करून नोंद उचलत नाही तोवर तो क्रमांक दुसऱ्या कुणाला देतच नाही. या मधल्या अवस्थेला झोंबी म्हणतात. नाव भयंकर असलं तरी पालकाकडचा क्रमांक चुकीचा ठरणार नाही, याची हमी तिच्यातच आहे! म्हणून मॅकवरचं २००५ मधलं लाँचडी काय किंवा २०१० मधलं सिस्टमडी काय, सेवेनं स्वतःहून बॅकग्राउंडला जाऊ नये असाच दोघांचा आग्रह.

राहिली नातवंडं. त्यांच्यासाठी सिस्टमडी प्रत्येक सेवेला वेगळा सीग्रुप, म्हणजे कर्नलनं सांभाळलेला प्रोसेसचा गट देतं. कितीही वेळा फोर्क केलं तरी मूल पालकाच्याच गटात जन्मतं, त्यामुळे पोर्ट (नेटवर्कचं दार) अडवून बसलेला वर्कर, म्हणजे सेवेची मदतनीस प्रोसेस, मागे राहत नाही.

थांबवताना गटातल्या सगळ्यांना आधी सिगटर्म (सिग्नल क्रमांक १५, ‘आवरून बंद हो’) जातो आणि मुदत संपली तरच सिगकिल (क्रमांक ९, ‘लगेच मर’). सिगकिल प्रोसेसला पकडताच येत नाही, म्हणजे बफरमधला डेटा लिहायची संधीही मिळत नाही. ‘किल वजा नऊ मारा, सगळं ठीक होतं’ ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. डेटाबेसला बंद व्हायला तीन मिनिटं लागत असतील, तर त्याच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे सिस्टमडीसाठी सेवेची माहिती असलेल्या फाइलीत, ‘टाइमआउट-स्टॉप-सेक’ ३०० सेकंद करा.

क्रमाचंही तसंच. युनिट फाइलमधलं ‘रिक्वायर्स’ फक्त गरज सांगतं, क्रम ठरतो ‘आफ्टर’नं, आणि बंद होताना तोच क्रम उलटा चालतो. ‘आफ्टर’ लिहायचं राहिलं, तर अ‍ॅप शेवटची नोंद करत असतानाच डेटाबेस निघून गेलेला असू शकतो.

डॉकरसारख्या साधनानं प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवला, तर सिगटर्म फक्त पीआयडी १ ला, म्हणजे आतल्या पहिल्या प्रोसेसला मिळतो. तिथं शेल स्क्रिप्ट बसली असेल तर ती तो पुढे पाठवत नाही, आणि डॉकर १० सेकंदांनी थेट सिगकिल मारतो. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी ‘एक्झेक’ लिहा. शेलच्या जागी प्रोग्रॅम येतो आणि सिग्नल थेट त्यालाच मिळतो.