वर चढायची किंमत: शिकागो बेअर्स आणि ड्राफ्टची नव्वद वर्षं

एप्रिल २०२६ मध्ये पिट्सबर्गला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट आहे आणि शिकागोत नेहमीचा वाद रंगला आहे: आपण कोणाला घ्यायचं? यंदा एक फरक मात्र आहे. गेल्या हंगामात बेअर्सनी ११-६ (११ विजय, ६ पराभव) करून आपला विभाग जिंकला, त्यामुळे पहिल्या फेरीत आपली पाळी बरीच उशिरा येणार. लगेच काही मंडळींनी हिशेब मांडायला घेतला आहे, पुढच्या वर्षीची पाळी (पिक) देऊन वर, म्हणजे आधीच्या पाळीवर, चढता येईल का? माझं मत उलट आहे. जागेवर बसावं, आणि कोणी चांगला भाव देत असेल तर आणखी खाली उतरावं. आलेल्या पिकमधून पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर, धावून जाणारे) आणि लाइनमन (आपल्या क्वार्टरबॅकसमोर भिंत करणारे) घ्यावेत. हे मत आजचं नाही, बेअर्सच्या ड्राफ्टच्या इतिहासातून आलेलं आहे.

ज्यांचा अमेरिकन फुटबॉलशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलच्या लिलावात ज्याच्या खिशात जास्त उरलेत तो खेळाडू घेऊन जातो. ड्राफ्टमध्ये बोली लागतच नाही. कॉलेजांतून येणाऱ्या खेळाडूंमधून संघ पाळीपाळीने निवड करतात, आणि मागच्या हंगामात जो शेवटी राहिला त्याची पाळी पहिली. आज अशा सात फेऱ्या होतात. आपली पाळी म्हणजेच ‘पिक’ दुसऱ्या संघाला देता येतो, अगदी पुढच्या वर्षीचासुद्धा. सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचा एक मालक बर्ट बेल याची. मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका या फुलबॅकवर त्याची नजर होती, पण ब्रुकलिनने जास्त पैसे टाकून त्याला पळवलं. तेव्हा कॉलेजातला खेळाडू कोणाशीही करार करू शकत असे, आणि चांगले खेळाडू साहजिकच बेअर्स नाहीतर न्यूयॉर्क जायंट्सकडे जात. मे १९३५ मध्ये मालकांची बैठक भरली, तीही पिट्सबर्गलाच. बेलने तिथे प्रस्ताव मांडला की दुबळ्याने आधी निवडावं. ज्यांचं यात सरळसरळ नुकसान होतं त्या बेअर्सच्या जॉर्ज हलासने आणि जायंट्सच्या टिम माराने तो मान्य केला. समोरचा संघ अगदीच लेचापेचा असेल तर तिकिटं विकली जात नाहीत, हे हलासला पक्कं ठाऊक होतं. वर स्पर्धा कमी झाली की खेळाडूंचे पगारही आटोक्यात राहतात. ड्राफ्टच्या समतेचं कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही.

पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या. पहिलं नाव शिकागोचं होतं. शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक जे बर्वँगर नुकताच पहिल्या हाइझमन करंडकाचा (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मानकरी ठरला होता. ईगल्सनी त्याला निवडलं, पण त्याच्या अपेक्षा परवडणार नाहीत हे दिसताच आर्ट बस या टॅकलच्या (टॅकल आणि गार्ड या लाइनमधल्याच जागा) बदल्यात त्याचे हक्क हलासला देऊन टाकले. बर्वँगरने दोन वर्षांचे २५,००० डॉलर मागितले. मंदीचे दिवस होते आणि हलासचा हात आखडता. सौदा मोडला. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिलावहिला खेळाडू एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

मला त्या दिवसातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. सगळे बर्वँगरबद्दल बोलत असताना बेअर्सनी स्वतःच्या पहिल्या पिकवर जो स्टायडहार हा टॅकल घेतला आणि अगदी शेवटच्या, नवव्या फेरीत कोलगेट कॉलेजचा डॅन फोर्टमन हा गार्ड. दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. फोर्टमन तर खेळता खेळता डॉक्टर झाला. डिसेंबर १९४० च्या अंतिम सामन्यात बेअर्सनी वॉशिंग्टनला ७३-० असं धुतलं, तेव्हा डाव्या बाजूला हे दोघे शेजारी शेजारी उभे होते. त्यांच्यामागे क्वार्टरबॅक होता सिड लकमन. तो १९३९ च्या ड्राफ्टचा दुसरा पिक. हलासने पिट्सबर्गशी आधीच संधान बांधून त्यांच्याकरवी त्याला निवडायला लावलं होतं, आणि बदल्यात एड मान्स्के हा एक एंड (लाइनच्या टोकाला खेळणारा) दिला. म्हणजे वर चढण्याचा सौदा बेअर्सना एकदा खरंच लाभला. पण किंमत होती एक खेळाडू, आणि पुढची लाइन आधीपासून तयार होती. लकमननंतर तितक्या ताकदीचा क्वार्टरबॅक शोधण्यात बेअर्सच्या पिढ्या गेल्या. एरिक क्रेमरने १९९५ मध्ये काढलेले ३,८३८ यार्ड हा कित्येक वर्षं क्लबचा विक्रम होता. इतर संघांमध्ये ४,००० ही मामुली गोष्ट झाली होती तेव्हासुद्धा.

एकट्यादुकट्या महान खेळाडूने काय होतं आणि काय होत नाही, हे पाहायचं तर १९६५ चा ड्राफ्ट घ्या. तिसऱ्या पिकवर डिक बटकस, चौथ्यावर गेल सेयर्स. ओळीने दोन पिक आणि दोघेही त्या खेळातल्या सर्वकालीन श्रेष्ठांमध्ये. यातला बटकसचा पिकही मुळात पिट्सबर्गचा. सहाव्या क्रमांकाचा आणखी एक पिक बेअर्सकडे होता, तो खेळाडू एएफएल या प्रतिस्पर्धी लीगकडे निघून गेला. आता प्रश्न: बटकस आणि सेयर्स यांच्या काळात बेअर्स किती वेळा प्लेऑफमध्ये गेले? एकदाही नाही.

उलट त्यांच्याच काळात क्लबने तळ गाठला. १९६९ मध्ये बेअर्स १-१३, पिट्सबर्गही १-१३. पहिला पिक कोणाचा हे ठरवायला नाणं उडवलं. शिकागोने छापा मागितला, काटा पडला. पिट्सबर्गने टेरी ब्रॅडशॉ घेतला आणि पुढे सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. या गोष्टीत जीव जाळणारी मेख अशी की बेअर्सचा त्या वर्षीचा एकमेव विजय पिट्सबर्गवरच होता, ३८-७. तेवढा एक सामना हरले असते तर नाण्याची गरजच नव्हती. नाणं तर दैवाच्या हातात, पण पुढचं आपल्या हातात होतं: हाती आलेला दुसरा पिक बेअर्सनी तीन जुन्या खेळाडूंच्या बदल्यात ग्रीन बेला, म्हणजे सख्ख्या वैऱ्याला देऊन टाकला. या सौद्याचं समर्थन करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

घडी बसली ती १९७४ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून जिम फिंक्स आल्यावर. पुढच्याच वर्षी चौथ्या पिकवर जॅक्सन स्टेटचा वॉल्टर पेटन हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आला. पेटनबद्दल वेगळं काही लिहायला नको. मला थांबायचंय ते १९८३ वर.

त्या वर्षी पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले, जॉन एलवेपासून डॅन मरिनोपर्यंत. क्वार्टरबॅकसाठी इतका गाजलेला ड्राफ्ट दुसरा नाही. बेअर्सकडे आदल्या वर्षीचा जिम मॅकमॅहन होता. त्यांनी सहाव्या पिकवर जिम्बो कोव्हर्ट हा टॅकल घेतला आणि अठराव्यावर विली गॉल्ट हा वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा). तिसऱ्या फेरीत डेव्ह ड्युअरसन, चौथीत टॉम थेअर हा गार्ड. आठव्या फेरीत, २०३ वा खेळाडू म्हणून, टेनेसी स्टेटचा रिचर्ड डेंट. डेंट डिफेन्सिव्ह एंड होता, चपळ पण अंगाने कमी. त्याचे दात इतके खराब होते की नीट चावता येत नसे, मग वजन कुठून वाढणार? क्लबने आधी त्याच्या दातांवर उपचार करून घेतले. जेवण सुधारलं, अंग भरलं. त्याच आठव्या फेरीत मार्क बोर्ट्झ आला. कॉलेजात तो डिफेन्समध्ये खेळायचा, इथे त्याला गार्ड केलं. तो दहा वर्षांहून अधिक काळ टिकला.

जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सनी न्यू इंग्लंडला ४६-१० असं हरवलं. सामनावीर डेंट. समोर होता टोनी ईसन, त्याच १९८३ च्या ड्राफ्टमधला पंधराव्या पिकचा क्वार्टरबॅक. त्याने सहा पास फेकले, सहाही वाया गेले, आणि त्याला बाहेर बसवलं. बेअर्सनी तोपर्यंत आणि त्यानंतर जिंकलेला हा एकच सुपर बोल.

दरम्यान ड्राफ्टही बदलला. १९८० मध्ये टीव्हीवर आला, १९९४ पासून सात फेऱ्यांवर आला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनी प्रत्येक पिकला गुण देणारा एक तक्ता केला. पहिल्याला ३,००० गुण, दुसऱ्याला २,६००, तिसऱ्याला २,२००. कुठला सौदा वाजवी हे त्यावरून ठरू लागलं आणि हळूहळू सगळी लीग तोच तक्ता वापरू लागली. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) दाखवून दिलं की संघ वरच्या पिकची किंमत फुगवून धरतात. आपण निवडलेला खेळाडूच सरस ठरणार हा विश्वास त्यांना महागात पडतो. २०११ पासून नवोदितांच्या पगाराला मर्यादा आली. २०१० मध्ये पहिल्या पिकच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी होती, तर वर्षभराने कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करारच सुमारे २.२ कोटींचा. चांगला नवोदित क्वार्टरबॅक म्हणजे आता स्वस्तातला माल झाला, आणि त्याच्यासाठी वर चढायची हाव आणखी वाढली.

त्या हावेला बेअर्स २०१७ मध्ये बळी पडले. तिसऱ्या क्रमांकावर असताना दुसऱ्यावर जाण्यासाठी, म्हणजे फक्त एक पायरी, जनरल मॅनेजर रायन पेसने सॅन फ्रान्सिस्कोला तिसरा, ६७ वा आणि १११ वा पिक दिला, वर पुढच्या वर्षीची तिसरी फेरीही. घेतला मिचेल ट्रुबिस्की. पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने उचलला. या निवडीवर शिकागोत इतकं बोलून झालंय की नव्याने रडण्यात अर्थ नाही. निवड कोणाचीही चुकू शकते. एका पायरीसाठी चार पिक मोजणं ही मात्र निवडीची चूक नव्हती, घाईची होती. २०२१ मध्ये विसाव्यावरून अकराव्यावर चढून जस्टिन फील्ड्स घेतला, त्यात पुढच्या वर्षीची पहिली फेरी गेली. तीन वर्षांनी फील्ड्स सहाव्या फेरीच्या पिकवर पिट्सबर्गला गेला.

मग आली ८ जानेवारी २०२३. हंगामाचा शेवटचा रविवार. बेअर्स मिनेसोटाकडून हरून ३-१४ वर थांबले. पहिला पिक ह्यूस्टनच्या हातात होता, त्यांनी फक्त इंडियानापोलिसकडून हरायचं होतं. शेवटचं मिनिट, चौथा डाउन (म्हणजे शेवटची संधी), वीस यार्ड बाकी. ह्यूस्टनच्या डेव्हिस मिल्सने पास भिरकावला आणि जॉर्डन एकिन्सने एंड झोनमध्ये झेलला. मग दोन गुणांचा प्रयत्न, पुन्हा एकिन्स. ३२-३१. ह्यूस्टन जिंकलं आणि पहिला पिक शिकागोला आला. ह्यूस्टनचा प्रशिक्षक होता लव्ही स्मिथ, नऊ हंगाम बेअर्सचा प्रशिक्षक राहिलेला आणि आमच्याकडूनच डच्चू मिळालेला माणूस. त्याच रात्री ह्यूस्टननेही त्याला काढलं. लव्हीने शिकागोला दिलेली ही शेवटची भेट, असं इथले लोक अजून म्हणतात.

नवा जनरल मॅनेजर रायन पोल्स याने तो पिक वापरलाच नाही. कॅरोलायनाला दिला आणि बदल्यात त्या वर्षीचा नववा व ६१ वा पिक, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी, शिवाय डीजे मूर हा तयार रिसीव्हर घेतला. नवव्यावरूनही तो एक पायरी खाली उतरला, चौथ्या फेरीचा एक पिक जास्तीचा मिळवला आणि दहाव्यावर डार्नेल राइट हा टॅकल घेतला. पुढचा हंगामभर आम्ही दर रविवारी दोन निकाल बघायचो, आपला आणि कॅरोलायनाचा. कॅरोलायना २-१५. त्यांचा पिक पहिला ठरला, त्यातून केलब विल्यम्स आला. त्यांच्याच २०२५ च्या दुसऱ्या फेरीतून ल्यूथर बर्डन.

पण विल्यम्सचा पहिला हंगाम म्हणजे जुनाच धडा नव्या विद्यार्थ्याला. २०२४ मध्ये तो ६८ वेळा जमिनीवर आपटला गेला, बेअर्स ५-१२. क्वार्टरबॅक होता, समोरची भिंत नव्हती. २०२५ मध्ये बेन जॉन्सन प्रशिक्षक म्हणून आला. त्यानंतर पोल्सने लाइनच्या मधल्या तीन जागा बदलल्या. त्यात जो थुनी हा गार्ड आणण्यासाठी बेअर्सचा २०२६ चा चौथ्या फेरीचा पिक कॅन्सस सिटीला गेला. सॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅक असा आपटला जाण्याचा, आकडा निम्म्याहून खाली आला. खर्च वसूल.

म्हणून यंदा मला झगमगता रिसीव्हर नको. डिफेन्सची पुढची फळी विरळ आहे, समोरच्या क्वार्टरबॅकला निवांत उभं राहायला वेळ मिळतो, तेव्हा पहिला मान पास रशरचा. त्याच्या पाठोपाठ एक तरुण टॅकल. मनासारखा पास रशर आमच्या पाळीपर्यंत उरला नाही, आणि मागच्या एखाद्या संघाने वर येण्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे पिक पुढे केले, तर पोल्सने घासाघीस करून ते घ्यावेत. पहिल्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्यांचा हिरमोड होईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बसावं, दुसरी आणि तिसरी फेरी तेव्हाच असते.