चेनसॉच्या साखळीची धार

चेनसॉच्या, म्हणजे यंत्राने फिरणाऱ्या साखळी-करवतीच्या, दातांना ठरावीक कोनात कानस मारून धार परत आणणे आणि साखळी, बार (साखळी ज्याभोवती फिरते ते लांब पाते) व स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) यांची निगा राखणे, हा या नोंदीचा विषय. इंजिनाचा व मोटरचा विचार येथे केलेला नाही.

साखळीने कापण्याची कल्पना प्रथम लाकडासाठी नव्हे, तर हाडासाठी निघाली. पण ती नेमकी कोणाची याबद्दल मतभेद आहेत. एडिंबरोचे जॉन एट्किन यांनी १७८५ च्या सुमारास प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथात लवचीक करवतीचे चित्र दिले. ग्लासगो येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स जेफ्री यांनी तीच कल्पना आपल्याला स्वतंत्रपणे सुचल्याचे सांगितले; त्यांची करवत प्रत्यक्षात तयार झाली ती मात्र १७९० च्या आसपास. श्रेय दोघांना विभागून देण्याचा प्रघात आहे. तथापि या करवती दोन्ही टोके धरून हाताने मागेपुढे ओढण्याच्या होत्या. बंद साखळी पात्याभोवती चाकाने फिरवण्याची रचना जर्मनीतील बर्नहार्ट हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाडे कापण्याच्या उपकरणात केली. यंत्ररचनेच्या दृष्टीने पाहता आजच्या चेनसॉचा पूर्वज हाच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. लाकडाच्या बाबतीतही पहिलेपणाचा मान एकाकडे जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे सॅम्युएल बेन्स यांना १९०५ मध्ये अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट मिळाले. आंड्रेआस श्टील यांची विजेवर चालणारी करवत १९२६ ची, तर एमिल लेर्प यांची पेट्रोलवरील १९२७ ची.

धारेच्या दृष्टीने खरे वळण आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. तोपर्यंतच्या साखळ्यांचे दात आडव्या हातकरवतीसारखे होते: काही दात तंतू चिरणारे, काही भुसा बाहेर काढणारे. त्यांना धार लावणे वेळखाऊ असे. अमेरिकेतील ओरेगनचे जोसेफ बुफर्ड कॉक्स यांनी १९४६ च्या सुमारास लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला दात योजला आणि १९४७ मध्ये उत्पादन सुरू केले. तळ आणि बाजू असे दोन्ही काप एकाच दाताने होऊ लागले. आतली बाजू गोल असल्यामुळे साधी गोल कानस पुरेशी झाली आणि दुरुस्ती थेट कामाच्या जागी होऊ लागली.

साखळीत डावे-उजवे दात आलटून पालटून येतात. कानशीची जाडी पिचवर ठरते. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे. लहान छाटणी यंत्रांच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला ४ मिमी, ०.३२५ इंचाला ४.८ मिमी, तर पूर्ण ३/८ इंचाला ५.२ किंवा ५.५ मिमी कानस लागते. कानशीच्या जाडीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या माथ्यावर राहिला पाहिजे. ती खाली बसली तर धारेखाली आकड्यासारखी पोकळी होते. असा दात लाकडात जोरात घुसतो आणि लवकर बोथट होतो. वर राहिली तर दात घासत जातो, कापत नाही.

माथ्याचा कोन, म्हणजे दाताची वरची धार बारला काटकोनात असलेल्या रेषेपासून किती तिरकी असावी, हा वादाचा मुद्दा. बहुतेक उत्पादक ३०° सांगतात. फळ्या पाडण्यासाठी तंतूंच्या दिशेने कापणाऱ्या साखळीला सुमारे १०° ठेवतात. मऊ, ओल्या लाकडात कोन वाढवला की वेग मिळतो, पण धार बारीक होऊन लवकर जाते. म्हणून चिंचेसारख्या कठीण किंवा वाळलेल्या लाकडासाठी २५° चा पक्ष घेतला जातो. मुंबईतील रस्त्याकडेच्या झाडांनाही तोच अधिक योग्य दिसतो, कारण तेथे वेगापेक्षा धार टिकणे महत्त्वाचे. मात्र सर्व दातांचा कोन आणि लांबी सारखी असणे हे अंशांच्या वादापेक्षा मोठे आहे. ती सारखी नसेल तर काप एका बाजूला वळतो. म्हणून सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या मापाला आणतात.

दाताच्या माथ्यावर क्रोमचा पातळ, कठीण थर असतो. कानस नेहमी दाताच्या आतून बाहेर चालवावी आणि परत आणताना उचलावी. उलट दिशेने क्रोमवर चालवली तर कानसच खराब होते. बोथट दाताच्या टोकाला उजेडात धरले की बारीक पांढरी चमकती रेघ दिसते. ती नाहीशी होईपर्यंत आणि क्रोमचा उडालेला भाग मागे पडेपर्यंत कानस मारावी लागते. विजेच्या ग्राइंडरवर दात निळा पडला तर पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे.

दातापुढचा उंचवटा किती खोल कापायचे ते ठरवतो. दाताचा माथा मागे उतरता असल्याने कानशीने दात आखूड होतो तसा तो ठेंगणाही होतो आणि उंचवट्याशी असलेला फरक कमी होतो. साखळी धारदार दिसूनही ढलप्यांऐवजी पीठ पाडते. हा फरक सामान्यतः ०.६५ मिमी ठेवतात. त्यासाठी मापपट्टी ठेवून वर आलेला भाग चपट्या कानशीने काढतात आणि पुढची कड गोल करतात. अंदाजाने जास्त काढल्यास बारच्या टोकाकडून झटका बसण्याचा धोका वाढतो. छाटणी करणाऱ्याच्या जिवाशी याचा थेट संबंध असल्यामुळे मापपट्टीला पर्याय मानू नये.

मुंबईत या कामाचा मुख्य हंगाम पावसाळापूर्व छाटणीचा. झाडे तोडण्यासाठी १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते. १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळासारख्या प्रसंगी मात्र पडलेली झाडे तातडीने हटवावी लागतात. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांच्या खोडांत फलकांचे खिळे व रोषणाईच्या तारा रुतलेल्या असतात, बुंध्याला सिमेंट आणि खडीची धूळ बसते. नारळाच्या खोडातील सिलिका दात झिजवते. चौकोनी कोपऱ्याचा दात वेगवान असला तरी अशा ठिकाणी लवकर जातो, गोलसर कोपऱ्याचा टिकतो. खिळा लागला तर एकाच दाताला धार लावून भागत नाही. कानशी व बार नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात मिळतात.

दमट, खारट हवेत साखळी लवकर गंजते. काम संपल्यावर ती पुसून तेल देतात. तापलेली साखळी ताणली असेल तर थंड होण्यापूर्वी सैल करावी, कारण ती आकसून बार व शाफ्टवर ताण आणते. बारची खाच साफ करून तो अधूनमधून उलटा बसवला की दोन्ही कडा सारख्या झिजतात. दाताची सर्वांत आखूड बाजू ४ मिमीपेक्षा कमी झाली, किंवा तडा दिसला, की साखळी बदलतात. साधारण दोन साखळ्या झिजल्यावर स्प्रॉकेटही नवे घालावे लागते.