मायक्रोस्पाइक्स म्हणजे क्रॅम्पॉन नव्हेत

डिसेंबर जवळ आला की ठाण्यातल्या आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फातल्या ट्रेकचे बेत सुरू होतात. परवा ग्रुपमधल्या एका पोराची सॅक भरायला वर्तकनगरला गेलो होतो. त्याने पिशवीतून रबरी पट्टा आणि साखळ्या काढून दाखवल्या. "दादा, क्रॅम्पॉन आणलेत. मे महिन्यात मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकलाही हेच चालतील ना?"

नाही चालणार. चूक त्याची नाही. भाड्याने सामान देणारे आणि कित्येक गाईडसुद्धा सरसकट याच साखळ्यांना क्रॅम्पॉन म्हणतात.

त्याच्या हातात होते ते मायक्रोस्पाइक्स. ताणणारा रबरी पट्टा बुटावर चढवायचा, तळव्याखाली साखळ्या येतात आणि त्यांना जेमतेम सेंटिमीटरभर दात असतात. कुठल्याही ट्रेकिंगच्या बुटावर मिनिटभरात बसतात. केदारकंठा साधारण 3,800 मीटरवर आहे. तिथल्या वाटेवरचा बर्फ शेकडो पावलांनी तुडवून घट्ट होतो आणि पहाटे काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. अशा मळलेल्या वाटेला हेच योग्य. तिथे क्रॅम्पॉन घालून गेलात तर लांब दात पँटच्या पायात अडकून पडायचीच भीती जास्त.

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाला बांधायची धातूची चौकट. तिला दहा-बारा दात, प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरचा. 1908 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक ऑस्कर एकेनस्टाइनने दहा दातांच्या आधुनिक क्रॅम्पॉनचा आराखडा केला. 1929 मध्ये इटलीच्या लॉरां ग्रिव्हेलने पुढे रोखलेले दोन दात जोडले. त्याआधी खड्या बर्फावर चढायचं तर कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदावी लागे. पुढच्या दातांमुळे बुटाचं टोक थेट बर्फात रोवता येऊ लागलं.

पण माझ्या मते खरा फरक दातांत नाही, बुटात आहे. आपण मुंब्र्याच्या कातळावर मऊ रबराच्या बुटांवर विश्वास टाकतो. तळवा वाकतो, कातळाला चिकटतो, म्हणून पाय टिकतो. बर्फाच्या उतारावर नेमकं उलटं आहे. चौकट ताठ आणि बूट मऊ असेल, तर प्रत्येक पावलाला बूट वाकतो, पट्टे ढिले होतात आणि क्रॅम्पॉन निसटतो, तोही नेमका पाय घट्ट हवा तिथेच. म्हणून क्रॅम्पॉनला ताठ तळव्याचा बूट लागतो. मायक्रोस्पाइक्सचं दुखणं वेगळं. उतार आडवा कापताना सगळा भार पावलाच्या एका कडेवर येतो, रबर ताणलं जातं आणि साखळी बाजूला सरकते. सपाटीवर हे जाणवतही नाही. 5,289 मीटरच्या फ्रेंडशिपच्या वरच्या उतारावर मात्र ते जिवावर बेतू शकतं.

शिकण्यातही असाच फरक आहे. मायक्रोस्पाइक्स घालून पाच मिनिटांत चालता येतं. क्रॅम्पॉनवर चालणं नव्याने शिकावं लागतं. पाय थोडे फाकून टाकायचे, म्हणजे एका पायाचे दात दुसऱ्या पोटरीला लागत नाहीत. मध्यम उतारावर सगळे दात एकदम टेकवायचे. दुपारी ओला बर्फ दातांत गोळा होऊन बसतो, तो आइस-ॲक्सच्या, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीच्या, दांड्याने ठोकून पाडायचा. आणि घसरलात तर पाय बर्फापासून वर उचलून ॲक्सने थांबायचं. घसरताना दात बर्फात रुतले तर घोटा मोडतो, नाहीतर माणूस उलटा फेकला जातो. हे व्हिडिओ बघून येत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्सला हे पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि पोरांनी तो कोर्स करावाच असं मला मनापासून वाटतं.

मायक्रोस्पाइक्स त्याने केदारकंठासाठी सॅकेत ठेवले. मे महिन्याच्या यादीत 'क्रॅम्पॉन'च्या वर दोन ओळी वाढवल्या: आधी कोर्स, मग बूट.