गांजा-परीक्षण

भांगेच्या झाडापासून (कॅनाबिस सटायव्हा) मिळणारे पदार्थ ओळखणे, त्यांतील टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण मोजणे आणि त्यांत विषारी धातू, बुरशी वा भेसळ आहे का ते पाहणे, या सर्वांस गांजा-परीक्षण म्हणतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार झाडाची राळ म्हणजे चरस व फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांविना आलेली पाने व बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. पानांवर, म्हणजे भांगेवर, महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. त्यामुळे पुण्यात गणेशखिंडीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे सीलबंद मुद्देमाल येतो तेव्हा तो झाडाचा कोणता भाग, हे आधी ठरवावे लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली पानावर अस्वलाच्या नखांसारखे वाकडे केस दिसतात. त्यांच्या बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. आम्लाचा थेंब पडताच बुडबुडे येतात. पुढे द्युकेन्वा-लेव्हिन कसोटी : व्हॅनिलीन व ॲसिटाल्डिहाइड यांचे अल्कोहोलातील द्रावण, त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. परीक्षानळीत जांभळा रंग चढतो व क्लोरोफॉर्म घालून हलविल्यास तळच्या थरात उतरतो. इतर काही द्रव्यांतही असा रंग आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ही कसोटी प्राथमिकच मानावी. केवळ रंगावरून कोणास दोषी धरणे अन्यायाचे होईल.

शुद्ध टीएचसी मेकूलाम व गाओनी या इस्राएली रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे केले. ओल्या झाडात मात्र ते बहुतांशी आम्लरूपात (टीएचसीए) असते आणि तापविल्यावर कार्बन डायऑक्साइड गमावून मादक होते. वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत. वायू-वर्णलेखनात नमुना तापतो, द्रव-वर्णलेखनात तापत नाही. एकाच पुडीचे दोन आकडे येण्याचे हे एक कारण. द्रव-वर्णलेखनात एकूण टीएचसी काढताना कार्बन डायऑक्साइड गेल्यावर घटणारे वजन धरून टीएचसीए ०.८७७ ने गुणून मूळ टीएचसीत मिळवतात.

भांगेची मादक झाडे व तागासारखी धाग्यासाठी लावलेली बिनमादक झाडे वेगळ्या जाती की एकाच जातीचे प्रकार, हा वाद जुना आहे. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्कने १७८५ मध्ये इंडिका ही स्वतंत्र जाती मानली. स्मॉल व क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एकच जाती धरून कोवळ्या पानांतील ०.३ टक्के टीएचसी ही सीमा सुचविली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ती सीमा वर्गीकरणाच्या सोयीची होती, पुढे ती कायद्यांत शिरली. तिला सुरक्षिततेची मर्यादा समजू नये.

खाद्य बियांबाबत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये मर्यादा घातली : बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम एकूण टीएचसी. हे झाड जमिनीतील कॅडमियम व शिसे शोषून घेते, शिवाय दमट साठवणीत त्यावर ॲस्परजिलस बुरशी धरते. तेव्हा मादकतेच्या आकड्याइतकीच ही तपासणी मोलाची आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये वाफेच्या नळ्यांतील (ई-सिगारेटांतील) व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे अनेकांची फुप्फुसे निकामी झाली, तेव्हा मुख्य दोष टीएचसीचा नव्हे तर मिसळलेल्या तेलाचा मानला गेला.

भांगयुक्त आयुर्वेदीय औषधे औषधविषयक नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, येतात. त्यांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. घोटलेल्या भांगेच्या भांड्यातील प्रमाण पेल्यागणिक बदलते आणि परिणाम दीड-दोन तासांनीही जाणवू शकतो, त्यामुळे दुसरा पेला पहिल्याचा अंमल चढण्याआधीच पोटात गेलेला असतो.