विलामेट खोऱ्यातील पाणथळ प्रेअरीचे पुनरुज्जीवन

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कोस्ट रेंज व कॅस्केड या पर्वतरांगांच्या दरम्यान असलेल्या विलामेट नदीखोऱ्यातील हंगामी पाणथळ गवताळ प्रदेश पूर्ववत करण्याचे आणि त्यांतील दुर्मिळ स्थानिक वनस्पती टिकविण्याचे काम. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या आगमनापूर्वी खोऱ्याच्या तळाचा मोठा भाग प्रेअरी (गवताळ माळ) व विरळ ओकराईने व्यापलेला होता. आज मूळ प्रेअरीचा दोन टक्क्यांहून कमी, काही अंदाजांनुसार एक टक्क्याहूनही कमी, भाग उरला आहे. येथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून जी जमीन जानेवारीत घोटाभर पाण्याखाली असते, तीच ऑगस्टमध्ये भेगाळते.

पाणी असे साचण्याचे कारण खोऱ्याच्या भूरचनेत आहे. हिमयुगाच्या उत्तरार्धात, बहुधा १८,००० ते १५,००० वर्षांपूर्वी, मिसूला या हिमयुगीन सरोवराचा बर्फाचा बांध वारंवार फुटून आलेल्या महापुरांनी खोऱ्यात गाळाचे थर साचविले. त्यांतील चिकणमातीच्या पट्ट्यांतून पाणी झिरपत नाही, ते पृष्ठभागावरच तुंबते.

प्रेअरीच्या उत्पत्तीबद्दल मात्र एकमत नाही. डेव्हिड डग्लस हा वनस्पतिसंग्राहक १८२६ च्या शरद ऋतूत खोऱ्यातून गेला, तेव्हा त्याला मैलोन्‌मैल जळालेले माळ दिसले. घोड्यांना चारा मिळणेही अवघड झाले. आग का लावतात याची स्थानिकांनी त्याला वेगवेगळी कारणे सांगितली. हरणांना ठराविक जागी चरायला आणणे हे एक आणि मध व नाकतोडे सापडणे सोपे जावे हे दुसरे. खोऱ्यातील मूळ रहिवासी कालापुया लोक कॅमास या वनस्पतीचे कंद जमिनीतील भट्टीत भाजून खात, तर टारवीड या रानवनस्पतीचे दाणे माळ जाळल्यानंतर गोळा करीत. १८३० च्या दशकारंभी आलेल्या तापाच्या साथीत, जी आता हिवतापाची मानली जाते, त्यांचा बहुतांश समाज मृत्युमुखी पडला आणि उरलेल्यांना १८५५ च्या तहानंतर राखीव प्रदेशात हलविण्यात आले. जाळण्याची प्रथा त्याबरोबरच थांबली. १८५० च्या दशकातील सरकारी भूमापनाच्या नोंदी नंतरच्या वनस्पतिजीवनाशी ताडून कार्ल जोहानसेन व सहकाऱ्यांनी (१९७१) आग थांबताच ओक व फर ही झाडे माळावर कशी शिरली हे दाखविले. रॉबर्ट बॉइड यांनी १९८६ मध्ये जाळण्याचे ऋतुनिहाय वेळापत्रक मांडले. याउलट कॅथी व्हिटलॉक आदींनी तळ्यांच्या गाळातील पराग व कोळशाच्या आधारे हवामानाला अधिक श्रेय दिले आणि संपूर्ण खोरे दरवर्षी जळत असे या समजुतीबद्दल शंका घेतली. उष्ण व कोरड्या आद्य होलोसीन काळात (हिमयुगानंतर लगेचच्या काळात) माळ विस्तारले आणि पुढे हवामान दमट होऊनही ते आगीमुळे मोकळे राहिले, ही मधली मांडणी अधिक ग्राह्य वाटते. हा वाद केवळ ऐतिहासिक नाही. किती वर्षांनी जाळावे, हा व्यवस्थापनाचा प्रश्न त्यातूनच निघतो.

उदाहरण ब्रॅडशॉ लोमेशियमचे. ही कोथिंबीर-जिऱ्याच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. तिला छत्रीच्या आकाराचे पिवळे फुलोरे एप्रिल-मे मध्ये येतात. फळांच्या कडा जाड व बुचासारख्या असतात. प्रसार केवळ बियांनी होतो. दीर्घकाळ नामशेष समजलेली ही जाती १९७० च्या दशकाच्या अखेरीस यूजीन शहराजवळ पुन्हा सापडली आणि १९८८ मध्ये संकटग्रस्त ठरली. फर्न रिज जलाशयाजवळील जागांवरील अभ्यासातून तिला वारंवार आगीची गरज असल्याचे दिसले, परंतु किती वारंवार याचे उत्तर जागेगणिक बदलले. कुंपण घालून माळ सोडून दिला, तर ॲशची झाडे, जंगली गुलाब व ब्लॅकबेरी तो काही दशकांत गिळतात, एवढे मात्र निर्विवाद आहे.

कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी निचऱ्याचे चर बुजवायचे, जमिनीत पुरलेले निचरा-नळ काढायचे, मग रीड कॅनरीग्रास व टॉल ओटग्रास ही आक्रमक गवते तणनाशक, छाटणी वा उन्हाने माती तापवून हटवायची आणि शेवटी टफ्टेड हेअरग्रास या मूळच्या गवतासह स्थानिक बियाणे पेरायचे, दुर्मिळ जातींची रोपे लावायची. जाळणे उन्हाळ्याच्या अखेरीस, बी धरून झाल्यावर होते. धूर हा नाजूक विषय आहे. १९८८ मध्ये शेत जाळण्याच्या धुरामुळे महामार्गावर वाहने एकमेकांवर आदळून सात जण दगावले आणि २००९ च्या कायद्याने गवतबियाण्यांची शेते जाळणे बहुतांशी बंद झाले. गंमत अशी की, ज्या गवतबियाणे शेतीने प्रेअरी नांगरली, तिचेच बी पिकविण्याचे व साफ करण्याचे कसब आता स्थानिक बियाण्यांसाठी उपयोगी पडते.

गोल्डन पेंटब्रश ही अर्धपरजीवी, म्हणजे काही अन्न शेजारच्या वनस्पतींच्या मुळांतून घेणारी वनस्पती, म्हणून तिच्या शेजारी आश्रयदात्या वनस्पतींची सोय करावी लागते. ऑरेगनमधून ती १९३८ नंतर दिसेनाशी झाली होती. २०१० पासून तिची पुनर्लागवड झाली. किनकेड ल्यूपिन (२००० पासून धोक्यातील जाती) मुख्यतः कोरड्या माळावरची असल्याने येथे तिचा ओझरता उल्लेख पुरे. फेंडर्स ब्लू या फुलपाखराच्या अळ्या प्रामुख्याने तिच्यावर वाढतात. १९३७ नंतर न दिसलेले हे फुलपाखरू १९८९ मध्ये पुन्हा आढळले.

विल्यम फिन्ली व बास्केट स्लाउ ही अभयारण्ये १९६० च्या दशकात मुळात हिवाळ्यात येणाऱ्या कॅनडा गूज पक्ष्यांसाठी स्थापन झाली. प्रेअरीचे संवर्धन तेथे नंतर आले. यूजीनच्या पश्चिमेकडील पाणथळ जमिनींचा आराखडा १९९२ मध्ये स्वीकारण्यात आला. कॉर्व्हॅलिस येथील इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड इकॉलॉजी (१९९९) ही संस्था रोपे, बियाणे व दीर्घकालीन मोजणी या तिन्ही आघाड्यांवर काम करते. ब्रॅडशॉ लोमेशियम २०२१ मध्ये, तर गोल्डन पेंटब्रश व नेल्सन चेकरमॅलो या वनस्पती २०२३ मध्ये संकटग्रस्त व धोक्यातील जातींच्या संघीय यादीतून वगळण्यात आल्या. विलामेट डेझी ही वनस्पती अद्याप संकटग्रस्त आहे.